यूकेमधून अमेरिकेत अंडरग्रॅडला अर्ज: मुलगा इयर १२ मध्ये, कुठून सुरुवात करू?

मृणाल_स्लाऊ

नमस्कार मंडळी. आम्ही स्लाऊला राहतो, मुलगा इथल्या ग्रामर स्कूलमध्ये इयर १२ ला, म्हणजे आपल्या अकरावीला आहे. ए लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, मॅथ्स, फर्दर मॅथ्स, फिजिक्स आणि हिस्टरी घेतलंय. गणित त्याचं लहानपणापासून चांगलं पण इतिहास सोडायला अजिबात तयार नाही, सगळे म्हणाले तीन विषय पुरेत तरी चौथा ठेवलाच. आता प्रश्न असा की यूकासमध्ये, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिट्यांच्या सामाईक अर्जात, पाच जागा भरायच्या म्हणजे एकच विषय ठरवायचा, मॅथ्स तर मॅथ्स, आणि मग तीन वर्षं फक्त तेच. त्याला कळलं की अमेरिकेत पहिली दोन वर्षं दोन्ही शिकून मग मेजर म्हणजे मुख्य विषय ठरवता येतो, तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच विषय चालू आहे.

ह्यांचं म्हणणं लंडनचं इम्पिरियल कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे, एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टनला उतरलं की झालं, घरचं जेवण जेवून शिकेल, तर एवढे पैसे घालून तिकडे कशाला. मला दोघांचंही पटतं म्हणून अडकलेय. शाळेत विचारलं तर हेड ऑफ सिक्स्थ फॉर्म (इयर १२-१३ च्या प्रमुख) म्हणाल्या की गेल्या काही वर्षांत एकाच मुलीने अर्ज केला होता, आम्हाला त्यातलं फारसं माहीत नाही, तुम्हीच शोधा आणि सांगा काय लागेल ते आम्ही देऊ. बाई चांगल्या आहेत पण सगळं आमच्यावरच आलं.

आमचं दोघांचं मिळून उत्पन्न साधारण ९५ हजार पौंड आहे, स्लाऊच्या घरावर मॉर्गेज आहे, कोथरूडला एक फ्लॅट आहे तो भाड्याने दिलाय. मुलगा जन्माने पुण्याचा, चार वर्षांचा असताना आलो, आम्हा सगळ्यांना आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी आहे, सिटिझनशिप अजून घेतली नाही. खर्च नक्की किती येतो, सॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते का, यूकास आणि हे दोन्ही एकदम जमतं का, आणि मुळात करावं का, कोणी यातून गेलं असेल तर मनापासून सांगा.

हॅरोचे_काका

मृणालताई, आमची मुलगी मॅसॅच्युसेट्सला एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, इथल्या स्टेट स्कूलमधूनच गेली. सविस्तर लिहितो कारण मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

आधी पैशाचं बघा, बाकी सगळं नंतर. लोक उलटं करतात, वर्षभर निबंध आणि परीक्षा करतात, एप्रिलमध्ये ऑफर हातात येते आणि मग कळतं की परवडत नाही, आणि त्या वेळी मुलाचा चेहरा बघवत नाही. अमेरिकेतल्या चांगल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचा वर्षाचा सगळा खर्च, म्हणजे ट्युशन, राहणं, जेवण धरून, आता ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात आहे, आणि तो चार वर्षं. इथे इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला फी ९,५३५ पौंड आहे आणि त्यासाठी स्टुडंट फायनान्सचं लोन मिळतं, जे पगार २५ हजाराच्या वर गेला की वरच्या रकमेच्या ९ टक्के असं कापलं जातं आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. अमेरिकेतल्या पूर्ण डिग्रीला हे लोन मिळत नाही, एक पैसा नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा.

म्हणजे मग जायचंच नाही का, तर तसंही नाही. अमेरिकेत मोजकी कॉलेजं अशी आहेत जी परदेशी मुलाला सुद्धा घरची ऐपत न बघता निवडतात आणि निवडल्यावर जेवढं कमी पडतं तेवढं सगळं स्वतः देतात, त्याला नीड ब्लाइंड म्हणतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अगदी अलीकडे ब्राउन. हे पैसे कर्ज नसतात, परत द्यायचे नसतात. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला २ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर ट्युशन माफ आणि १ लाखाच्या आत असेल तर जवळजवळ सगळंच माफ असं केलंय, एमआयटीनेही २ लाखाच्या आत ट्युशन माफ केलीय. तुमचे ९५ हजार पौंड म्हणजे सव्वा लाख डॉलरच्या पुढेमागे. म्हणजे कागदावर तुमच्यासाठी हार्वर्ड हे इम्पिरियलच्या आसपास किंवा त्याहून स्वस्तही पडू शकतं, हे ऐकून तुमच्या मिस्टरांना आश्चर्य वाटेल पण तसंच आहे. अडचण एवढीच की तिथे शंभरात चार-पाच मुलांना घेतात आणि एमआयटीत परदेशी मुलांचं प्रमाण त्याहून खाली आहे.

दुसरा गट म्हणजे जिथे घेतलं तर पूर्ण मदत देतात पण घेताना "हा पैसे मागतोय" हे बघतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक, विल्यम्स, पोमोना, स्वार्थमोर ही परदेशी मुलांसाठी त्यात येतात. आमची मुलगी अशाच एका ठिकाणी आहे. आणि तिसरा मोठा गट म्हणजे सरकारी युनिव्हर्सिट्या, बर्कली, यूसीएलए वगैरे, नाव ऐकून सगळ्यांना मोह होतो पण तिथे बाहेरच्या मुलाला गरजेवर मदत मिळत नाही आणि खर्च ८० हजार डॉलरच्या आसपास जातो. आपल्यासारख्या नोकरदार माणसांनी त्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक अपवाद म्हणजे काही ठिकाणच्या पूर्ण मेरिट स्कॉलरशिप, चॅपल हिलला मोरहेड-केन आहे, व्हर्जिनियाला जेफरसन आहे, त्यात इथली मुलंही निवडली जातात, पण ती लॉटरी धरून चाला.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, फाफ्सा तुम्हाला लागू नाही, तो अमेरिकन नागरिकांसाठी आणि तिथे ग्रीन कार्ड वगैरे असणाऱ्यांसाठी. सीएसएसमध्ये सगळं विचारतात, पी६० (पगाराचा आणि कराचा वर्षाचा दाखला), बँकेतली शिल्लक, आयएसए (करमुक्त बचत खातं), घर, आणि हो, कोथरूडचा फ्लॅट. राहतं घर हार्वर्ड आणि प्रिन्स्टन मोजत नाहीत पण दुसरी मालमत्ता मोजतात, आणि ती पुण्यात आहे म्हणून सुटत नाही. आमचा नाशिकला वडिलांकडून आलेला अर्धा हिस्सा होता, तो मी लिहिला, सोबत पत्र जोडलं की भावाबरोबर सामाईक आहे आणि विकता येत नाही, त्यांनी ते समजून घेतलं. लपवू नका. आणि फ्लॅटचं भाडं इथे सेल्फ असेसमेंटमध्ये दाखवत नसाल तर ते आधी सरळ करा, कारण तेच कागद तिकडे जातात. आपलं टॅक्सचं वर्ष एप्रिल ते एप्रिल आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे आकडे जुळत नाहीत, तेही एका ओळीत समजावून लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्जात "मदत हवी आहे" ही खूण पहिल्याच दिवशी करायची. शक्यता वाढावी म्हणून ती न करता अर्ज टाकायचा आणि नंतर मागू असा सल्ला आम्हाला एका कन्सल्टंटने दिला होता, त्याने आमच्याकडून बरेच पैसेही घेतले. परदेशी मुलांना बऱ्याच ठिकाणी नंतर चारही वर्षं मागता येत नाही. बायकोने कॉलेजच्या वेबसाइटवर ती ओळ वाचली म्हणून वाचलो. आज आम्ही वर्षाला साधारण १७ हजार पौंड भरतो, विमानभाडं वेगळं. जड जातं पण निभतं.

मृणाल_स्लाऊ

काका, इतकं कोणीच सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद. ह्यांना वाचून दाखवलं, ते आत्ता लॅपटॉप घेऊन कॉलेजांच्या साइटवरचे कॅल्क्युलेटर उघडून बसलेत.

अथर्व_लेस्टर

काकू, मी लेस्टरचा, आता इलिनॉयमध्ये सेकंड इयरला आहे, मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स करतोय आणि जपानी पण घेतलंय जे यूकेमध्ये मला कधीच जमलं नसतं. तुमच्या मुलाची केस वाचून माझीच आठवण झाली.

सॅटबद्दल: कोविडनंतर सगळीकडे ऑप्शनल झाली होती पण आता परत आलीय. एमआयटीने २०२२ मध्येच परत आणली, मग हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक, स्टॅनफर्ड. येलला सॅटऐवजी एपी किंवा आयबी या परीक्षांचे मार्कही चालतात, पण ए लेव्हल त्याच्या जागी चालत नाही. कोलंबिया अजून ऑप्शनल आहे. यूसीवाले, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, तर दिली तरी बघतच नाहीत. तर मी म्हणेन द्यायचीच. आता ती लॅपटॉपवर असते, सव्वादोन तासांची, १६०० पैकी, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच येतो. फर्दर मॅथ्सवाल्या मुलाला गणिताचा भाग सोपा जातो, फक्त घाईत चुका होतात, इंग्लिशच्या भागाला मात्र सराव लागतो कारण छोटे छोटे उतारे आणि पर्याय फसवे. खरी डोकेदुखी सेंटरची. यूकेमध्ये सेंटर कमी आहेत आणि बाहेरच्या मुलांना सीट देणारी त्याहून कमी, मला लेस्टरहून लंडनला आदल्या रात्री मावशीकडे येऊन राहावं लागलं. दोन-तीन महिने आधी बुक करा.

अर्ज बहुतेक ठिकाणी कॉमन अॅप या सामाईक ऑनलाइन फॉर्मवर, १ ऑगस्टला उघडतो, त्यात २० पर्यंत कॉलेजं टाकता येतात पण कृपया २० टाकू नका, प्रत्येकाचे स्वतःचे वेगळे छोटे निबंध असतात आणि फी साधारण ७५ ते ९० डॉलर प्रत्येकी. एमआयटी आणि यूसीचे फॉर्म वेगळे. मी आठ टाकले आणि त्यातच जीव गेला, कारण त्याच महिन्यांत यूकास, टीएमयूए (इथली मॅथ्सची प्रवेश परीक्षा) आणि शाळेच्या मॉक्स म्हणजे सराव परीक्षा. दोन्हीकडे एकदम करता येतं, काही अडचण नाही, ऑक्सब्रिजची १५ ऑक्टोबर आणि बाकी यूकास जानेवारीत, अमेरिकेचं अर्ली १ नोव्हेंबरच्या आसपास आणि रेग्युलर जानेवारीच्या सुरुवातीला. अर्लीमध्ये दोन प्रकार आहेत ते नीट समजून घ्या. अर्ली डिसिजन म्हणजे घेतलं तर यायलाच हवं, त्यावर तुमची आणि शाळेची पण सही लागते आणि मग यूकास मागे घ्यायचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचा अर्ली वेगळा, तिथे बंधन नाही, फक्त दुसऱ्या अमेरिकन प्रायव्हेट ठिकाणी अर्ली टाकायचं नाही, यूकास बिनधास्त चालतं. मदत हवी असेल तर अर्ली डिसिजनमध्ये तुलना करायला दुसरी ऑफर हातात नसते, पैसे अगदीच कमी दिले तर सुटता येतं पण आधी विचार करून ठेवलेला बरा.

आता निबंध. यूकासच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये तुम्ही विषयावर लिहिता, कुठलं पुस्तक वाचलं, कुठलं प्रॉब्लेम सोडवलं. कॉमन अॅपचा ६५० शब्दांचा निबंध माणसाबद्दल असतो आणि आपल्या ब्रिटिश शाळांमधल्या मुलांना तिथेच गाडी अडते, स्वतःबद्दल बोलायची सवयच नसते. माझा पहिला ड्राफ्ट म्हणजे ऑलिम्पियाडच्या सर्टिफिकेटांची यादी होती, बहिणीने वाचून परत दिला. मग मी आमच्या मंडळाच्या गणपतीच्या जेवणाबद्दल लिहिलं. दरवर्षी ४०० लोकांचा मसालेभात असतो आणि दरवर्षी अंदाज चुकतो, कधी पातेली उरतात कधी शेवटच्या पंगतीला ताक आणि पापडच मिळतो. मी नववीत असल्यापासून आकडे लिहून ठेवायला लागलो, पाऊस असला की किती येतात, रविवार असला की किती, आरतीनंतर किती निघून जातात. तीन वर्षांनी अंदाज बरोबर यायला लागला, पण त्याहून मोठं म्हणजे स्वयंपाकघरातल्या काकू मला विचारायला लागल्या, "अथर्व, यंदा किती किलो भिजवू?" तेवढंच लिहिलं. कुठे मॅथ्स ऑलिम्पियाडचा शब्द नाही. तुमच्या मुलाला इतिहास का सोडवत नाही हे त्याने खरंखरं लिहिलं तर तोच त्याचा निबंध आहे असं मला वाटतं.

अॅक्टिव्हिटीच्या १० जागा असतात, प्रत्येकाला १५० अक्षरं. घरात लहान बहिणीला सांभाळणं, शनिवारची दुकानातली नोकरी, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणं हे सगळं चालतं, ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड नसलं म्हणून काही बिघडत नाही.

वैद्य_मॅडम

मी इथे एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी दोन-चार मुलांची अमेरिकेची पत्रं लिहिते, म्हणून शाळेच्या बाजूचं सांगते, मृणाल, कारण तुझ्या शाळेला हे कोणीतरी सांगायलाच हवं.

यूकासला एकच रेफरन्स लागतो. तिकडे दोन विषयशिक्षकांची पत्रं, त्याशिवाय काउन्सेलरचं पत्र, ट्रान्सक्रिप्ट आणि स्कूल प्रोफाइल. आपल्याकडे काउन्सेलर नसतो, हेड ऑफ सिक्स्थ फॉर्मने ते काम करायचं, कॉमन अॅप त्यांना ईमेल पाठवतं. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे इयर १० पासूनचे मार्क, जीसीएसई (इयर ११ ची बोर्डाची परीक्षा), इयर १२ चे रिपोर्ट आणि प्रेडिक्टेड ग्रेड, शाळेच्या लेटरहेडवर. जीपीए म्हणजे त्यांच्या पद्धतीची सरासरी काढत बसू नका, कोणी मागत नाही, आपली पद्धत त्यांना माहीत असते. स्कूल प्रोफाइल एका पानाचं असतं, त्यात शाळेने लिहायचं की तीन ए लेव्हल हा इथे पूर्ण भार समजला जातो आणि आमच्या शाळेतून गेल्या वर्षी निकाल कसे होते. हे पान नसेल तर तुझ्या मुलाचे चार विषय त्यांना किती मोठे वाटायला हवेत ते कळणारच नाही.

पत्राबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय. ब्रिटिश शिक्षक हात राखून लिहितो. "चांगला विद्यार्थी, वेळेवर काम देतो" हे आमच्याकडे कौतुक असतं, तिकडे ते वाचून वाटतं की शिक्षकाला मुलगा आवडत नाही. मी पहिल्या वर्षी असंच लिहिलं होतं, फार हुशार मुलगी होती, आणि आजही मला त्याचं वाईट वाटतं. आता मी मुलांना सांगते की मला तीन प्रसंग लिहून द्या, वर्गात काय झालं, कुठे अडलात, काय विचारलंत, आणि मी तेच प्रसंग लिहिते. तुझ्या मुलाने मॅथ्सच्या सरांना आणि हिस्टरीच्या बाईंना जूनमध्येच विचारावं, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, सप्टेंबरमध्ये आमच्यावर यूकासचा डोंगर असतो. फॉर्ममध्ये पत्र बघायचा हक्क सोडायचा का असा प्रश्न येतो, तो हक्क सोडायचाच, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

आणि एक, लंडनमध्ये यूएस-यूके फुलब्राइट कमिशन आहे, त्यांच्याकडून फुकट माहिती मिळते, कन्सल्टंटला पैसे देण्याआधी तिथे बघा. सटन ट्रस्टचा त्यांच्यासोबतचा अमेरिकेचा कार्यक्रम २०१२ पासून चालू आहे, इयर १२ मधल्या स्टेट स्कूलच्या मुलांसाठी, सॅटपासून अर्जापर्यंत सगळी मदत आणि अमेरिकेची फेरी सुद्धा, सगळं मोफत. तो कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी आहे त्यामुळे तुम्ही कदाचित बसणार नाही, पण हे वाचणाऱ्या ज्या कोणाच्या घरी परिस्थिती ओढाताणीची आहे त्यांनी आजच्या आज बघा. अशीच मुलं मागे राहतात कारण त्यांना कोणी सांगत नाही, आणि पैशाची मदत सगळ्यात जास्त त्यांनाच मिळते.

कोल्हापूर_ते_लीड्स

मध्येच विचारतो, माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचंय, तिलाही अमेरिका बघू का?

वैद्य_मॅडम

नको. इथे ए लेव्हलनंतर पाच-सहा वर्षांत डॉक्टर होते. तिकडे आधी चार वर्षांची डिग्री, मग पुन्हा चार वर्षं मेडिकल स्कूल, आणि बरीच मेडिकल स्कूल्स परदेशी मुलांना घेतच नाहीत. मेडिसिन ठरलेलं असेल तर इथेच.

एडिसनची_मावशी

मी न्यू जर्सीत २२ वर्षं आहे, पुतण्या लंडनहून इथे शिकायला आला होता त्याचं सगळं जवळून बघितलं. मृणाल, तुझ्या पोस्टमधली एक ओळ वाचून मला राहवलं नाही, आयएलआर. आयएलआरवर सलग दोन वर्षांपेक्षा जास्त यूकेबाहेर राहिलं तर ते संपतं. सुट्टीला येत-जात राहिला तरी चार वर्षं तिकडे राहणाऱ्या मुलाला परत येताना विमानतळावर प्रश्न विचारू शकतात की तू खरंच इथे राहतोस का. तेव्हा आधी सिटिझनशिपचं बघा. तुमच्यापैकी एकाने घेतली की मुलाचं १८ व्हायच्या आत एमएन१ फॉर्मवर रजिस्ट्रेशन करता येतं, १८ झाल्यावर तो रस्ता बंद. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआय घ्यायचं, मला माहितीय मन तयार होत नाही, माझ्या वहिनीने तो पासपोर्ट सरेंडर करताना रडून घेतलं होतं. पण मुलगा तिकडे आणि घर इकडे असं असताना त्याची परतीची वाट पक्की असायला हवी.

व्हिसाचं: कॉलेजकडून आय-२० नावाचा प्रवेशाचा फॉर्म येतो, त्यात पहिल्या वर्षाचे पैसे दाखवायचे, मग सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे ३५० डॉलर, व्हिसाचे १८५ डॉलर, आणि नाइन एल्म्सच्या एम्बसीत मुलाखत. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना सोशल मीडियाची अकाउंट सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. आणि हवा सध्या बदलती आहे हेही सांगते, मे २०२५ मध्ये सरकारने हार्वर्डचा परदेशी मुलं घ्यायचा परवानाच काढून घेतला होता, कोर्टाने लगेच थांबवलं, पण त्या दिवसांत मुलांच्या आयांची काय अवस्था झाली असेल. त्यामुळे यूकासची एक चांगली जागा ऑगस्टपर्यंत हातात असू दे.

शिकून झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं, मॅथ्ससारख्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) विषयाला आणखी दोन वर्षं. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं: ग्रीन कार्डची रांग पासपोर्टवर नसते, जन्म कुठे झाला त्यावर असते. तुझ्या मुलाकडे उद्या ब्रिटिश पासपोर्ट आला तरी जन्म पुण्याचा म्हणून तो भारताच्या रांगेत, जी फार फार लांब आहे. आमच्या पुतण्याचा जन्म लंडनचा, त्याचं पटकन झालं, त्याच्याबरोबरचा मित्र जन्माने सोलापूरचा, तो शेवटी लंडनला परत गेला. शिकायला जरूर पाठव, पण तिकडेच कायमचा राहील असं धरून हिशोब मांडू नकोस.

हॅरोचे_काका

मावशींनी फार महत्त्वाचं सांगितलं, आम्ही हा जन्माचा मुद्दा मुलगी सेकंड इयरला गेल्यावर शिकलो. अजून एक खर्च, इथल्या एनएचएससारखी सरकारी आरोग्यसेवा तिकडे नाही, हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा असतो आणि तोही हजारो डॉलरचा, मदतीत धरलाय का ते ऑफर लेटर आलं की आधी तपासा.

मृणाल_स्लाऊ

काल रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो आणि हे सगळं एकेक करून वाचलं. ह्यांनी स्वतःहून म्हटलं की सहाच कॉलेजं टाकू, सगळी पूर्ण मदत देणारी, कॅलिफोर्निया यादीतून काढून टाकलं. यूकासला इम्पिरियल आणि वॉरिक मॅथ्स ठेवायचं, शिवाय सेंट अँड्रूजला मॅथ्स आणि इतिहास जोडून घेता येतं का ते बघतोय, ते आम्हाला सुचलंच नव्हतं. मुलगा अमेरिकेचं नाव घेतल्यापासून पहिल्यांदाच शांत झोपला असं मला वाटलं. सिटिझनशिपचा अर्ज ह्यांचा आधी भरायचा ठरलंय, त्याला १८ व्हायला ११ महिने आहेत. वैद्य मॅडम, तुमचं स्कूल प्रोफाइलबद्दलचं मी जसंच्या तसं इंग्लिशमध्ये करून शाळेत पाठवलं, बाईंचं लगेच उत्तर आलं की बसून करू.

अथर्व, सॅट जूनला देऊ की ऑगस्टला? आणि टीएमयूए ऑक्टोबरमध्ये आहे.

अथर्व_लेस्टर

जूनला इयर १२ च्या परीक्षा असतील तर ऑगस्ट, सुट्टीत सहा आठवडे रोज तासभर पुरतो. ऑक्टोबरची सॅट राखून ठेवा, पण ऑगस्टला चांगले मार्क आले तर नका देऊ, ऑक्टोबर टीएमयूएला मोकळा सोडा. निबंधाचा पहिला ड्राफ्ट झाला की मला पाठवायला सांगा काकू, मी नक्की वाचेन.

मृणाल_स्लाऊ

नक्की सांगते रे. काका, शेवटचं एक, सीएसएसमध्ये कोथरूडच्या फ्लॅटची किंमत रेडी रेकनरने लिहायची की बाजारभावाने?

हॅरोचे_काका

बाजारभावाने, ते आज काय किंमत येईल असंच विचारतात. फ्लॅटवर कर्ज असेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहायचं, ते वजा होतं. सोसायटीतला अलीकडचा एखादा व्यवहार माहीत असेल तर तो आकडा घ्या आणि कुठून घेतला ते शेरा लिहायच्या जागेत नोंदवून ठेवा.